अर्ज लिहिणारीची मुलगी

अर्ज कसा लिहावा हे मला कोणी शिकवू नये. ही फुशारकी आहे, आणि ती मारण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. माझी आई तलासरीला तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिते. वडील आमच्या गावी, झरीला, भात आणि नाचणी करतात. बारावी होईपर्यंत माझी प्रत्येक सुट्टी आईच्या टेबलाच्या डाव्या बाजूला, एका लोखंडी स्टुलावर गेली. कागदांत कार्बन घालायचा, स्टॅम्प चिकटवायचा, झेरॉक्स आणायची, आणि आई ऐकत असताना आपणही ऐकायचं, ही माझी कामं.

आईची पद्धत ठरलेली. माणूस समोर बसला की ती टाइपरायटरला हात लावायची नाही. नुसतं "बोल" म्हणायची आणि त्याचं संपेपर्यंत त्याला बोलू द्यायची. मग टाइप करायची, मग सगळा अर्ज मोठ्याने वाचून दाखवायची, सही नाहीतर अंगठा घ्यायची, आणि सगळ्यात खाली "अर्ज लिहिणार" असं लिहून स्वतःची सही ठोकायची. रांगेतले बाकीचे अर्ज लिहिणारे ही सही टाळायचे. उद्या काही बिनसलं तर आपलं नाव त्यात कशाला, असं त्यांचं म्हणणं. आईचं म्हणणं वेगळं होतं. "लिवलं त्याला धनी पायजे," ती म्हणायची.

तिचा आणखी एक नियम होता. टेबलावर ऐकलेलं टेबलावरच ठेवायचं. संध्याकाळी आम्ही झरीच्या गाडीत बसलो की दिवसभरात ऐकलेल्या भाऊबंदकीतलं, सासू-सुनांतलं एक अक्षर तिच्या तोंडून निघायचं नाही. वडिलांनी खोदून खोदून विचारलं तरी "व्हतं कायतरी" एवढंच. मला मात्र गप्प राहून पोट फुगल्यासारखं व्हायचं. एवढ्या रसाळ गोष्टी आणि सांगायच्या कोणाला नाहीत!

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही तर कचेरीच्या पायरीपाशीच बस्तान मांडलं होतं, त्यामुळे वकील व्हायचं हे मी त्या स्टुलावरच ठरवलं. पण कोर्टात उभा राहणारा वकील नाही. मी दहावीच्या सुट्टीत असताना हायवेवरून एक गाडी आत आली आणि तिच्यातून पांढरा शर्ट, काळी पँट घातलेली एक तरुण बाई उतरली. मुंबईच्या कुठल्याशा मोठ्या लॉ फर्मची, एका कंपनीसाठी जमिनीचे कागद बघायला आलेली. तिच्या हातात जुन्या फेरफारांची चळत होती, म्हणजे जमीन कोणाकडून कोणाकडे गेली त्याच्या हाताने लिहिलेल्या नोंदी, आणि त्यातलं एकही अक्षर तिला लागत नव्हतं. आईने तासाभरात तिला सगळं वाचून दिलं. ती वहीत भराभर इंग्रजीत उतरवून घेत होती. जाताना तिने मला विचारलं, "तुलाही वाचता येतं हे?"

"येतं की," मी म्हटलं.

"मग तू लॉ कर," ती हसून म्हणाली आणि गाडीत बसली.

ती सहज बोलून गेली असेल. मी मनावर घेतलं. वाचणार माझी आई आणि रिपोर्टवर सही हिची, हे मला बिलकुल पटलं नव्हतं. वाचणारी आणि सही करणारी एकच बाई का असू नये, एवढा माझा साधा सवाल होता.

२०१४ साली बारावी झाल्यावर मी मुंबईच्या एका लॉ कॉलेजात पाच वर्षांच्या कोर्सला गेले आणि मुलींच्या होस्टेलात राहू लागले. तिथे कळलं की कंपन्यांचं काम करणाऱ्या मोठ्या फर्ममध्ये शिरायची वाट सुट्ट्यांतून जाते. सुट्टीत चार आठवडे इंटर्न म्हणून राबायचं. काम आवडलं तर शेवटच्या वर्षी पुन्हा बोलावतात, पारखून बघतात, आणि परीक्षा झाल्यावर ट्रेनी म्हणून घेतात. म्हणजे सगळा खेळ पहिल्या अर्जाचा. अर्जाचा! मी मनात म्हटलं, मग तर झालंच काम.

दुसरं वर्ष संपलं तेव्हा, २०१६ च्या उन्हाळ्यात, मी तो पहिला अर्ज केला. आईच्या टेबलावर बसून आम्ही दोघींनी मिळून केला. वर पत्ता, मध्ये "विषय : इंटर्नशिप मिळणेबाबत", खाली "महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की". फर्मला इंग्रजी लागेल म्हणून मी त्याचं इंग्रजी केलं, पण विनंती, अनुसरून आणि सादर हे तिघेही जसेच्या तसे पलीकडे नेले. आईने शेजारच्या टेबलावरचा इंग्रजी टाइपरायटर मागून आणला आणि ते अक्षर अक्षर बघून टाइप केलं. सोबत सगळ्या गुणपत्रिकांच्या स्वतः सही केलेल्या प्रती, रहिवासी दाखला, जातीचा दाखला आणि रेशन कार्डाची झेरॉक्स. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. अर्ज दोन प्रतींत, एक त्यांना द्यायची आणि दुसरीवर आवक शिक्का मारून घ्यायचा, ती आपली पोच. आईने निघताना तीनदा बजावलं, "पोच घेतल्याबिगर हलू नको. पोच नाय तं अर्ज केलाच नाय."

फर्म चौदाव्या मजल्यावर होती. रिसेप्शनवरची मुलगी माझ्याच वयाची असेल. अर्ज हातात घेऊन ती गोंधळली.

"मॅडम, अप्लिकेशन वेबसाइटवर करायचं असतं."

"तेही करीन. हा लेखी आहे. आवक शिक्का कोण मारतं?"

"आवक म्हणजे?"

मी तिला समजावलं. तिने आतून एकाला बोलावलं, त्यालाही समजावलं. त्याने स्टॅम्पकडे बघितलं, रेशन कार्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी जागची हलत नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं. शेवटी कुरिअर मिळाल्याचा एक गोल शिक्का त्यांच्याकडे होता तो त्याने दुसऱ्या प्रतीवर मारला, आणि मी गड सर केल्याच्या तोऱ्यात लिफ्टने खाली उतरले. आईने ती पोच फाइलला लावून टाकली.

महिना गेला, उत्तर नाही. आई म्हणाली, स्मरणपत्र टाक. मी संदर्भ देऊन स्मरणपत्र क्रमांक एक टाकलं. मग क्रमांक दोन. मग आई म्हणाली, "माहितीच्या अधिकारात टाक, बघ कसे जागे व्हतात." ती खाजगी फर्म आहे, तिला माहितीचा अधिकार लागू होत नाही, हे मी तिला ऐटीत ऐकवलं. दोन वर्षांच्या शिक्षणाचा तेवढाच उपयोग झाला. स्मरणपत्र क्रमांक तीननंतर फर्ममधून फोन आला. एका दमलेल्या आवाजाने फार सभ्यपणे सांगितलं की कृपया आता पत्रं पाठवू नका, आणि रेशन कार्ड तर नकोच.

आता हे सांगताना मला हसू येतं. तेव्हा नव्हतं आलं. तेव्हा लाज वाटली. आपली वाटली, आणि खरं सांगायचं तर आईचीही वाटली. जिने तालुक्यातल्या निम्म्या लोकांचे अर्ज लिहिले तिची लाज वाटली, याची मला आजही टोचणी आहे.

पुढचं वर्षभर मी वेबसाइटवरचे फॉर्म भरत सुटले. नकार सगळीकडून एकाच मापाचे यायचे, खेद वाटतो आणि भावी वाटचालीस शुभेच्छा. बऱ्याच फॉर्मांत एक प्रश्न असायचा : एखाद्या कठीण प्रसंगी तुम्ही समोरच्या माणसाला कसं सांभाळलंत, तीनशे शब्दांत लिहा. त्यावर मी दरवेळी लिहायची, "मला अद्याप अनुभव नाही, तरी कृपया संधी दिल्यास प्रामाणिकपणे काम करीन."

होस्टेलातली माझी रूममेट लातूरकडची होती, तोंडाने फटकळ. मी घरून येताना घोलवडचे चिकू आणायची आणि ते खाता खाता ती माझे फॉर्म तपासायची. एकदा हे वाक्य तिच्या नजरेला पडलं. तिने चिकूची बी थुंकली.

"अनुभव नाही? मग सुट्टीत आईच्या टेबलावर काय माशा मारतीस?"

"ते घरचं काम गं. तो काय अनुभव?"

"आणि ही गयावया कशाला? काम मागतीस का भीक?"

मला तिचा इतका राग आला की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. चिकूही लपवून ठेवले. तिसऱ्या दिवशी बसले आणि नाव-गाव गाळून एका आजीबद्दल लिहिलं. ही आजी दर महिन्याला शेजारच्या कोंबड्याविरुद्ध अर्ज करायला यायची. कोंबडा अंगणात शिरतो, वाळत घातलेली नाचणी खातो, बंदोबस्त व्हावा. एकदा आई तापाने घरी होती आणि टेबलावर मी एकटी होते. मी आजीला "बोल" म्हटलं आणि बोलू दिलं. पाऊण तासाने आजी कोंबड्यावरून कुंपणावर आली आणि कुंपणावरून बांधावर. शेजारी म्हणजे तिचा सख्खा पुतण्या होता. त्याने शेताचा बांध हातभर सरकवला होता, आणि घरच्या माणसाविरुद्ध अर्ज करायचा धीर होत नव्हता म्हणून ती कोंबड्याच्या मागे लागली होती. मी तिला जमीन मोजणीचा अर्ज लिहून दिला. फॉर्मच्या शेवटी मी लिहिलं : माणूस आधी कोंबडा सांगतो, बांध कुठे आहे ते आपण ऐकायचं असतं. विनंती नाही, कृपया नाही, आणि दोनशे ऐंशी शब्दांत काम झालं.

मुलाखतीचं बोलावणं आलं ते त्याच चौदाव्या मजल्यावरून. समोर एक वरिष्ठ मॅडम होत्या, केस पांढरे, चष्मा कपाळावर. माझा फॉर्म पुढ्यात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न केला, "कोंबडावाली तूच ना?"

"नाही मॅडम, मी बांधवाली," मी म्हटलं.

त्या हसल्या, आणि २०१७ च्या मे महिन्यात मी तिथे चार आठवडे काम केलं. चौदाव्या मजल्यावर बसून जमिनीचे व्यवहार बघणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. तिथली हुशार माणसं सातबारा हातात आला की भाषांतराची वाट बघत बसायची. मी वाचून टाकायची. अक्षर लागत नसेल तर माझ्याकडे यायचं, हे दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळ्या मजल्याला माहीत झालं होतं. मला ते मनापासून आवडलं. मी काही तोंडदेखली लाजले वगैरे नाही.

शेवटच्या वर्षी, २०१८ च्या डिसेंबरात, त्यांनी मला सहा आठवड्यांसाठी पुन्हा बोलावलं. आम्ही आठ जण होतो आणि ट्रेनीच्या जागा दोन. प्रत्येकाला एक काम पूर्णपणे स्वतःचं मिळणार होतं. त्यावर लेखी टिपण द्यायचं आणि शेवटी पार्टनर मंडळींसमोर बसून त्याचा बचाव करायचा. जागा त्या टिपणावरच ठरणार, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती की मी दुसरीकडे कुठे अर्जच केला नव्हता. रूममेट याला माज म्हणायची, आणि तो होताच.

आधीचे चार आठवडे बारीकसारीक कामांत गेले. मग टिपणासाठी मला जे मिळेल असं वाटलं होतं तेच मिळालं, तलासरी तालुक्यातली जमीन. एक कंपनी हायवेजवळ गोदाम बांधायला चिकूच्या एका वाडीमालकाकडून जागा घेत होती. गाव मी सांगणार नाही. अशी जागा घेण्याआधी वकील पेपरात जाहीर नोटीस देतात, की या जमिनीवर कोणाचा हक्क असेल तर चौदा दिवसांत आमच्या पत्त्यावर कळवा. बहुतेक वेळा कोणी कळवत नाही. या वेळी एक हरकत आली होती. ती टिकते की नाही, यावर मी लिहायचं होतं. मॅडमनी फाइल माझ्यापुढे ठेवली.

"गंमत बघ," त्या म्हणाल्या. "हरकत आपल्या फर्मला, आणि वर कोर्ट फी स्टॅम्प लावलाय."

शेजारचे दोन इंटर्न फिस्सकन हसले. मला हसू आलं नाही. दहा रुपयांचा तो स्टॅम्प डाव्या कोपऱ्यात इतका सरळ चिकटवणारी माणसं तालुक्यात फार नाहीत. तरी मी पानं उलटून शेवटी बघितलं. सात सह्या, अकरा अंगठे, आणि सगळ्यात खाली "अर्ज लिहिणार" आणि माझ्या आईची सही.

हरकत साधी होती. शेजारच्या पाड्यावरची माणसं आपल्या भाताच्या खाचरांकडे ज्या पायवाटेने जातात ती वाट या जागेतून जाते. भिंत बांधली की बैल घेऊन भरधाव हायवेच्या कडेने लांबचा फेरा घ्यावा लागेल. सातबाऱ्यावर वाटेची नोंद नाही, पण गावाच्या जुन्या नकाशात ती तुटक रेघेने दाखवली आहे. नकाशाची खरी प्रत जोडलेली होती आणि त्या रेघेवरून लाल पेन्सिल फिरवलेली होती. वाडीमालकाने वाटेवर फाटक बसवलं, पण त्याला आजवर कुलूप लावलं नाही, म्हणजे वाट त्यालाही मान्य आहे, हेही न विसरता लिहिलं होतं. एक शब्द जास्त नाही की कमी नाही. मला आधी अभिमान वाटला, आणि मग मी वरचं फर्मचं नाव पुन्हा वाचलं.

कारण आईला या फर्मचं नाव पाठ होतं. पहिला अर्ज तिनेच टाइप केला होता, आणि मी आता कुठे काम करते हे ती रांगेतल्या प्रत्येकाला सांगत असे. म्हणजे तिने नोटिशीवरचं नाव वाचून, सगळं समजून, ही हरकत लिहिली होती आणि मला एका शब्दाने कळवलं नव्हतं.

त्या रविवारी मी झरीला गेले. आई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. "काम कसा चाललाय?" तिने विचारलं. "बेस," मी म्हटलं. काय काम आहे हे तिने विचारलं नाही. टेबलावर नवीन काय, हे मी विचारलं नाही. मग आम्ही दोघींनी वालाच्या भाजीत मीठ जास्त झालंय का, या विषयावर बराच वेळ चर्चा केली. वडील आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होते.

"भांडलाव काय तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"नाय," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मनातून मात्र मी भांडत होते. मला तिचा राग येत होता. माझी पाच वर्षं या एका टिपणावर टांगलेली, आणि हिने नेमकी त्याच्यावरच सही करून ठेवावी? मग वाटायचं, तिने काय करायला हवं होतं? मुलगी त्या फर्ममध्ये आहे म्हणून पाड्यावरच्या माणसांना परत पाठवायचं? तसं केलं असतं तर मला ती आवडली नसती. राग काही त्याने कमी झाला नाही.

सोमवारी होस्टेलात येऊन मी रूममेटला एवढंच सांगितलं की एका फाइलमध्ये माझं घरचं माणूस निघालंय. "गप बस," ती म्हणाली. "हात दाखवून अवलक्षण कशाला?" मलाही तेच ऐकायचं होतं. आमचं आडनाव तालुक्यात दर चौथ्या घराला आहे, कोणाला पत्ता लागला नसता. शिवाय हरकत खरंच भक्कम होती. मी कितीही प्रामाणिकपणे लिहिलं असतं तरी वाट मोकळी सोडा, असंच लिहिलं असतं. पाड्याला वाट, मला जागा, सगळेच खूश. मी लिहायला बसलेही. पहिला परिच्छेद छान झाला. तो वाचताना मात्र मला सांगता येईना, की हे मला पटलं म्हणून लिहिलंय की आईने लिहिलं म्हणून पटलंय. आपला तो बाब्या, अशी गत. मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, तरी ते काही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्याच म्हटलं, "मॅडम, ती हरकत माझ्या आईने लिहिली आहे."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "हरकत घेणारे तुझे नातेवाईक आहेत?"

"नाही. ती अर्ज लिहायचं काम करते. पण खाली तिची सही आहे."

"तिच्याशी यावर बोललीस?"

"नाही. परवा घरी गेले होते, तरी नाही."

"आणि तीही काही बोलली नाही?"

"तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही मॅडम."

त्यांनी समोरचे कागद बाजूला सारून टेबलावर जागा केली. मग म्हणाल्या, "ठेव इथे. आजपासून या फाइलला हात लावायचा नाही, कोणाशी बोलायचं नाही." मी फाइल ठेवली. "आता दुसरं टिपण देण्याएवढा वेळ उरलेला नाही, हे तुला समजतंय ना?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. मी समजतंय म्हटलं, बाहेर आले आणि जिन्यात बसून पोटभर रडले. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. मला काडीचं हलकं वाटलं नाही.

उरलेल्या दिवसांत मला खोकीभर जुने भाडेकरार दिले गेले. प्रत्येक करारात कोण, कुठलं दुकान, मुदत कधीपर्यंत, याची यादी करायची. कोणालाही देता येईल असं काम. मी रेकॉर्डच्या खोलीत दार लावून एकेक करार स्वतःशीच मोठ्याने वाचून काढला, कारण डोळा वाक्य गाळतो पण जीभ गाळत नाही. यादी मुदतीच्या एक दिवस आधी दिली. इतर सात जण आपापली टिपणं घोकत होते आणि माझ्याकडे घोकायला काही नव्हतं. असं असूनही शेवटच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून त्या मोठ्या टेबलासमोर जाऊन बसले. जागा गेलीच असेल तर निदान मान वर करून जावी, असं मी ठरवलं होतं.

"तुमच्याकडे बचाव करायला टिपण नाही," एक पार्टनर म्हणाले.

"नाही सर. यादी आहे. त्यात चूक दाखवा, तिचा बचाव करीन."

त्यांनी पानं चाळली आणि बाजूला ठेवली. "ती हरकत टिकेल असं तुम्हाला वाटतं?"

"त्या फाइलवर मी बोलणार नाही सर."

"बरं. उद्या तुम्ही इथे ट्रेनी आहात, आणि पुन्हा समोर तुमच्या आईचा अर्ज आला तर?"

"पुन्हा बाजूला होईन," मी म्हटलं. इथे थांबायला हवं होतं, पण जीभ आवरली नाही. "मात्र ज्याला द्याल त्याला मुदत भरपूर द्या सर. तिच्या अर्जात भोकं नसतात."

मॅडम खाली मान घालून हसल्या. बाकीचे हसले की नाही ते मला आठवत नाही, कारण माझे कान तापले होते.

२०१९ च्या फेब्रुवारीत फर्मची मेल आली. दोन जागांपैकी एक माझी होती. मी ती चार वेळा वाचली, रूममेटकडून एकदा मोठ्याने वाचून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी लोकलने डहाणूला जाऊन तिथून पहिली मिळेल ती गाडी धरून तलासरीला उतरले. आई टेबलावर होती. मी सांगितलं तशी ती उठून उभीच राहिली. तिने रांगेतल्या सगळ्यांना हाका मारल्या, झेरॉक्सवाल्याला सांगितलं, कचेरीतून सहज बाहेर आलेल्या एका अनोळखी माणसालाही सांगितलं. सगळ्यांना चहा झाला. माझ्या गालावरून हात फिरवताना तिची टाइपने टणक झालेली बोटं मला लागली.

लोक पांगले तशी ती बसली. टाइपरायटरवरचा कागद तिने उगाच सरळ केला.

"तुमच्या फर्मचा पत्र आला पाड्यावरच्यांना. रजिस्टरनं," ती म्हणाली. "मीच वाचून दावला. काम संपला, म्हणून आता बोलते. वाट सोडली त्यांनी. नकाशात हाय तशीच. भिंत फिरवून घेणार."

मला हे माहीत नव्हतं. मी फाइल ठेवली त्या दिवसानंतर कोणी मला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मी आनंदाने काही बोलणार तेवढ्यात तिने हात वर केला. कलेक्टर समोर असला तरी जिचा आवाज हलत नाही, त्या माझ्या आईचा आवाज हलला.

"मना खरा सांग. तू केलंस?"

"नाय. फाइल माझ्याकडे आली होती. तुझी सही बघितली आणि परत देऊन टाकली."

"कुणाकडं शब्द टाकलास? तोंडानं काय बोललीस?"

"नाय आई. एक अक्षर नाय."

ती माझ्याकडे बघत राहिली, समोर बसलेला माणूस खरं बोलतोय का ते बघते तशी. मग तिने चष्मा काढून पदराने पुसला. डोळेही पुसले.

"इतकी वरसं लिवते," ती म्हणाली. "कुणाचा काम झाला तं तो माझ्या अर्जानं झाला का कुणी शब्द टाकला म्हणून झाला, मना कधी कळलाच नाय." तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "बेस. म्हंजे या टायमाला अर्जानंच झाला."